घड्याळ केव्हा लावावे?

गेल्या वर्षी १४ जूनला ‘नीट’चा निकाल लागला आणि त्यानंतर चौथ्या दिवशी माझी नात, मुलीची मुलगी, इचलकरंजीहून आमच्याकडे सांगलीला राहायला आली. तिच्याबरोबर दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे होते. दुसरी तिने जिन्याखाली ठेवली आणि पुढचे दोन दिवस तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, “आजोबा, माझा पेपर बघता का?” तेव्हा कळले, की त्या पिशवीत ४ मेची प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिकेची छापील प्रत आणि दोन वर्षांच्या वह्या होत्या.

तिला ७२० पैकी ४७७ गुण मिळाले होते. खुल्या वर्गातल्या मुलाला तेवढ्यावर आपल्याकडे शासकीय महाविद्यालय मिळत नाही, हे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मी उत्तरपत्रिका समोर घेऊन एकेक वर्तुळ मोजले. जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांपैकी ८२ बरोबर, ५ चूक. रसायनशास्त्राच्या ४५ पैकी ३३ बरोबर, ८ चूक. भौतिकशास्त्रात मात्र ४५ पैकी ११ बरोबर, १४ चूक आणि २० वर्तुळे कोरी. त्या विसांपैकी अकरा प्रश्न तिने वाचलेलेही नव्हते. भौतिकशास्त्राचे पहिले पान उलटले तेव्हा चार वाजून तेरा मिनिटे झाली होती आणि पाचला पेपर संपणार होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे जो विषय शिकवला, नेमका तोच हा विषय.

दुपारी तिला माजघरात बसवले, भिंतीवरचे घड्याळ काढून आत नेऊन ठेवले आणि ते चौतीस प्रश्न, चौदा चुकलेले व वीस कोरे, पुन्हा सोडवायला दिले. उत्तरसूची तिने तोवर पाहिलेली नव्हती. पाहण्याचा धीरच झाला नव्हता. तिला दोन तास वीस मिनिटे लागली. कोऱ्या विसांपैकी पंधरा बरोबर आले, चुकलेल्या चौदांपैकी नऊ. मी पेन्सिलीने बेरीज केली. कोऱ्याचे बरोबर झाले की चार गुण वाढतात, चुकीचे बरोबर झाले की वजा झालेला एक धरून पाच. म्हणजे साठ आणि पंचेचाळीस, एकशे पाच. ४७७ चे ५८२ झाले.

हा हिशेब भाबडा आहे, हे मला समजते. एका प्रश्नाला सरासरी चार मिनिटे परीक्षेत कोणी देत नाही. तरीही त्या बेरजेकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. कारण त्यात माझाही वाटा होता. अकरावीपासून दर रविवारी ती मला फोन करून अडलेली गणिते विचारी, आणि मी तिला नेहमी एकच सांगत आलो होतो: घाई करू नकोस, नीट समजून घे, वेग आपोआप येतो. वर्गात तीन दशके हेच सांगितले होते. बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळण्याच्या काळात, सिद्धता लिहून दाखवायच्या पेपरासाठी, ते पुरेसेही होते. वेग आपोआप येत नाही, हे मला माझ्या नातीच्या वीस कोऱ्या वर्तुळांनी शिकवले.

याच्या नेमकी उलट गोष्ट आमच्याच गल्लीत घडत होती. शेजारच्या अण्णांचा नातू एका नावाजलेल्या क्लासला जातो. तिथे अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून दर आठवड्याला घड्याळ लावून परीक्षा. साठाहून अधिक पेपर त्याने दिले आहेत आणि एकाही पेपरात त्याचा एकही प्रश्न राहिलेला नाही. ओएमआर शीटवरची वर्तुळे तो जणू यंत्राने भरतो. पण आठ महिने त्याचे गुण ३९० आणि ४३० यांच्या मध्येच घुटमळत होते. अण्णा म्हणाले, “सर, पोरगा तर रोज झिजतोय. मग अडतंय कुठं?” मी त्याला बोलावले आणि तोंडी एक जुना प्रश्न विचारला. एक तार ताणून तिची लांबी दुप्पट केली, तर रोध किती होईल? “चौपट,” प्रश्न संपायच्या आत उत्तर. मग म्हटले, लांबी दहा टक्के वाढवली तर रोध किती टक्के वाढेल? “वीस.” का? “सर, दोनचा वर्ग चार, तसं दहाचं दुप्पट वीस.” पर्यायांत २० आणि २१ असे दोन्ही आकडे दिले असते, तर त्याने पाचव्या सेकंदाला २० चे वर्तुळ भरून टाकले असते आणि पुढे गेला असता.

ही दोन्ही मुले कष्टाळू आहेत. एकीने दोन वर्षे घड्याळ लावलेच नाही, दुसऱ्याने दोन वर्षे ते काढलेच नाही. आपल्या समाजात आज घरटी एखादे मूल या परीक्षेच्या वाटेवर आहे. कुणी लातूरला, कुणी कोट्याला, कुणी घरीच. त्यांच्या आईवडिलांना मी हे सांगतो आहे, कारण क्लासची निवड, वसतिगृह, फी यांविषयी ते शंभर ठिकाणी विचारतात. मूल सरावाला बसते तेव्हा समोर घड्याळ असावे की नसावे, हे मात्र कोणी विचारत नाही.

एका मिनिटाचा हिशेब

आधी परीक्षा काय मागते ते पाहू. १८० प्रश्न आणि १८० मिनिटे. २०२४ पर्यंत काही वर्षे २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे असत आणि अखेरच्या तीन वर्षांत त्यासाठी २०० मिनिटे मिळत. २०२५ पासून ती निवड गेली आणि वरची वीस मिनिटेही गेली. प्रश्नाला एक मिनिट, असे ऐकायला सोपे वाटते. पण त्या मिनिटातून वर्तुळ भरायचा वेळही द्यावा लागतो. एका वर्तुळाला चार सेकंद धरले तरी १८० वर्तुळांची बारा मिनिटे होतात. वर्तुळ बॉलपेनने भरायचे असल्यामुळे ते पुसता येत नाही. म्हणून चार सेकंदांपेक्षा कमी वेळात ते करू पाहणे धोक्याचे. शिवाय कच्चे काम प्रश्नपत्रिकेतल्याच मोकळ्या जागेत करावे लागते. माझी नात घरी लांबरुंद वहीवर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात गणिते सोडवत होती. परीक्षेत तळहाताएवढ्या जागेत तिची आकडेमोड एकमेकींत घुसली आणि दोन प्रश्न तेवढ्यानेच चुकले.

मिनिटांची वाटणीही समान होऊ शकत नाही. जीवशास्त्रात आकडेमोड जवळजवळ नसते. ज्याला येते त्याला तीस-पस्तीस सेकंदांत उत्तर सुचते आणि ज्याला येत नाही त्याला तीन मिनिटांतही सुचत नाही. म्हणून नव्वद प्रश्न पन्नास मिनिटांत व्हायला हवेत. तिथे वाचवलेली मिनिटे भौतिकशास्त्राला द्यायची असतात. तिने जीवशास्त्राला बहात्तर मिनिटे दिली होती. येत असलेली उत्तरेही ती दोनदा ताडून पाहत होती, कारण तोच तिचा आवडता, भरवशाचा विषय. माणूस जिथे सुखात असतो तिथे रेंगाळतो, परीक्षेतही.

या परीक्षेत वेळ आणि गुण यांचे नाते किती नाजूक आहे, हे देशाने २०२४ साली पाहिले. काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ उमेदवारांना वाढीव गुण देण्यात आले. त्यावर मोठा गदारोळ उठला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा घ्यावी लागली. तिला ८१३ जण बसले. गेलेल्या मिनिटांचे गुणांत रूपांतर करायला कोणते सूत्र वापरावे, यावर सारा देश भांडत होता. प्रत्येक मूल मात्र त्या तीन तासांत दर मिनिटाला हेच रूपांतर मनातल्या मनात करत असते, आणि ते त्याला कोणी शिकवलेले नसते.

घड्याळ काढून ठेवल्यावर

तरीही जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर असे तीन महिने आम्ही घड्याळ लावले नाही. मुलीच्या घरून काळजीचे फोन येत. “बाबा, बाकीच्यांच्या टेस्ट सिरीज सुरू झाल्या.” मी म्हणे, होऊ देत.

कारण एक उदाहरण मला शिक्षक असल्यापासून ठाऊक होते. चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला; कोणत्या उंचीवर त्याचा वेग निम्मा होईल? गुरुत्वत्वरण १० धरा. बहुतेक मुले गतीचे समीकरण लिहितात, वर्ग करतात, वजाबाकी करतात, १५ मीटर काढतात. एक मिनिट जाते. नातीनेही तसेच काढले. मी म्हटले, आता दुसऱ्या वाटेने काढ. तिने वेळ काढली: एका सेकंदात वेग दहाने घटला, तेवढ्या वेळात अंतर वीस वजा पाच. पुन्हा पंधरा. आता तिसरी वाट? ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली. समोरच्या कट्ट्यावर मांजर होते, बहुधा त्याच्याकडे. मग एकदम म्हणाली, “वेग निम्मा म्हणजे गतिज ऊर्जा पाव उरली. पाऊण ऊर्जा उंचीत गेली. सगळी गेली असती तर वीस मीटर. त्याचे पाऊण, पंधरा!” यात कागद लागत नाही. पुढे कधी वेग एकतृतीयांश झाला असे विचारले, तर नवमांश उरतो आणि आठ नवमांश उंची होते, हेही त्याच क्षणी हाताशी आले.

ही तिसरी वाट दहा सेकंदांची आहे. ती सापडायला मात्र वीस मिनिटे आणि एक मांजर लागले. घड्याळ टिकटिकत असते तर पहिल्या वाटेने उत्तर मिळताच ती पुढच्या प्रश्नावर गेली असती आणि असा प्रश्न जन्मभर एका मिनिटाला सोडवत राहिली असती. परीक्षेत जी मुले वेगवान दिसतात त्यांचा हात जलद चालतो असे आपल्याला वाटते. जवळून पाहिले तर त्यांना जवळची वाट ठाऊक असते, आणि ती त्यांनी कधीतरी निवांतपणे शोधलेली असते.

अण्णांच्या नातवालाही मी हेच करायला लावले. तारेचे सूत्र बाजूला ठेव. तार ताणली की तिच्यात धातू तेवढाच राहतो, मग लांबी वाढली तर जाडीचे काय? त्याने मान हलवली, कागदावर रेघा मारल्या. घनफळ कायम, म्हणून लांबी जितकी वाढते तितके छेदाचे क्षेत्रफळ घटते, म्हणून रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. १.१ चा वर्ग १.२१. एकवीस टक्के. “हे मला कोणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला. खरे तर सांगितलेले असणार. अकरावीच्या दुसऱ्या आठवड्यापासून जो दर रविवारी शर्यतीत धावतो आहे, त्याला ते ऐकायला सवड नव्हती एवढेच.

जीवशास्त्रात मोकळ्या सरावाचे रूप वेगळे आहे. तिथे मुले एनसीईआरटीचे पुस्तक रंगीत रेघांनी भरतात आणि पाचव्यांदा वाचतात. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, अशी समजूत होते. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर एक प्रकरण लिहायचे ठरवले: हृदयाची आकृती, रक्ताचा प्रवास, कोणत्या वाहिनीत ऑक्सिजनयुक्त रक्त. पर्याय समोर नाहीत, घड्याळही नाही. पहिल्या आठवड्यात तिला रडू आले. “मला काहीच येत नाही आजोबा.” ज्या विषयात ९० पैकी ८२ प्रश्न बरोबर आले, त्या विषयाबद्दल ती हे म्हणत होती.

टाकून पुढे जाणे

कृष्णाकाठच्या आमच्या पिढीतल्या मुलांना विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवत. भोपळा केव्हा सोडायचा, याचा निर्णय शिकवणारा काका करी. लवकर सोडला तर मूल घाबरून पाण्याकडे फिरकत नसे. फार दिवस ठेवला तर भोपळ्याशिवाय काठ सोडत नसे. मी हा निर्णय एकदा चुकवला होता, त्यामुळे या वेळी घड्याळ एकदम न लावता हळूहळू आणायचे ठरवले.

ऑक्टोबरात पहिली पायरी अशी, की वेळ मोजायची पण मर्यादा घालायची नाही. प्रश्न सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ मी लिहीत असे, तिला दाखवत नसे. पंधरा दिवसांनी तो तक्ता तिच्यापुढे ठेवला. तिचा अंदाज होता, की आकडेमोडीत वेळ जातो. तक्ता वेगळेच सांगत होता. आकडेमोड ठीक होती. प्रश्न वाचल्यापासून पहिले समीकरण लिहिण्यापर्यंत तिला कधी दीड, कधी दोन मिनिटे लागत. कोणत्या प्रकरणातला प्रश्न आहे, हे ओळखण्यातच ती अडत होती. प्रकरणवार अभ्यासात तो निर्णय पुस्तकाने आधीच घेतलेला असतो. मग आम्ही सहा प्रकरणांची गणिते चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात मिसळली आणि तिने एकेक चिठ्ठी काढून फक्त एवढेच सांगायचे: हा प्रश्न कुठला आणि सुरुवात कशाने करशील. सोडवायचा नाही. दोन आठवड्यांत ओळखण्याचा वेळ वीस-पंचवीस सेकंदांवर आला. हे मला माझ्या अध्यापनाच्या काळात सुचले नाही, याचे वाईट वाटते.

त्यानंतर घड्याळ लावले: पंधरा प्रश्न, आधी पंचवीस मिनिटांत, मग वीस, मग अठरा. आणि इथे तिची खरी अडचण उघडी पडली. तिला प्रश्न सोडता येत नव्हता. अडलेल्या प्रश्नावर ती सात-सात मिनिटे बसे. ताटात कण टाकायचा नाही, उलट ताट धुऊन तेही पिऊन टाकायचे, अशा वळणाच्या घरात ती वाढलेली. हाती घेतलेले अर्धवट टाकणे तिला चुकीचे नव्हे, पापासारखे वाटे. मी तिला आकड्यांत सांगून पाहिले: या एका प्रश्नाच्या चार गुणांसाठी तू जी सात मिनिटे दिलीस, त्यांत शेवटच्या पानांवरचे पाच सोपे प्रश्न होते, म्हणजे वीस गुण. तिला ते पटे. हात मात्र ऐकत नसे.

शेवटी मी पंधरा प्रश्नांत मुद्दाम तीन असे घालू लागलो, की ते सुटतील पण प्रत्येकी पाच मिनिटे खातील. काम एवढेच, की हे तीन ओळखून पहिल्या वीस सेकंदांत त्यांच्यावर खूण करून पुढे जायचे. बाकीचे बारा कितीही बरोबर येवोत, तीनपैकी एकातही अडकली तर तो संच फुकट. पहिले चार संच फुकट गेले. पाचव्या वेळी तिने तिन्ही सोडले आणि जणू काही चोरी केली असावी अशा चेहऱ्याने कागद माझ्या हातात दिला. तिच्या आजीने त्या दिवशी शिरा केला.

याच सवयीला जोडून अंदाजाने उत्तर देण्याचा मुद्दा येतो, कारण पालक नेहमी विचारतात. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला तर चारदा तीनदा चुकणार आणि एकदा बरोबर येणार. चार वजा तीन, म्हणजे चार प्रश्नांमागे एक गुण हाती. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर दोन प्रश्नांत एकदा बरोबर, एकदा चूक, म्हणजे तीन गुण. पहिल्यात फारसे काही नाही आणि नशीब फिरले तर नुकसान. दुसऱ्यात मात्र खरी कमाई आहे. पर्याय बाद करणे हे कौशल्य आहे आणि तेही निवांतपणेच शिकावे लागते. उत्तराचे एकक चूक आहे, उत्तर अशक्य इतके मोठे आहे, अशा गोष्टी शोधायची सवय आधी घड्याळाविना लागली, तर पुढे घड्याळासमोर टिकते.

नोव्हेंबरपासून दर रविवारी दोन ते पाच पूर्ण पेपर. परीक्षा त्याच वेळी असते आणि दुपारी दोनला डोळ्यांवर झापड येते, म्हणून जेवण साडेअकराला. परीक्षा केंद्रावर दीड वाजता दार बंद होते. आमच्या घरीही दीडनंतर माजघराचे दार बंद. मनगटावर घड्याळ नाही, कारण तिथे नेता येत नाही. काढून ठेवलेले जुने भिंतीवरचे घड्याळ मी पुन्हा खिळ्याला लावले आहे. मोबाइलवरचे उलटे मोजणारे आकडे तर मी कटाक्षाने टाळले. भिंतीवर किती वाजले ते पाहून किती उरले हे मनात काढणे, हाही एक सराव असतो.

पाचला पेपर संपतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे आमच्याकडे लगेच पाने मांडली जातात. जेवताना पेपरविषयी एक शब्दही बोलायचा नाही, असा नियम तिच्या आजीने घातला आहे; तो मोडण्याचा मोह सर्वांत जास्त मलाच होतो. उत्तरसूची त्या रात्री पाहायची नाही. सोमवारी सकाळी ती कोरे राहिलेले, शंका असलेले आणि नुसत्या अंदाजाने भरलेले प्रश्न पुन्हा घेऊन बसते, वेळेचे बंधन न ठेवता, आणि मगच गुण मोजायचे. तेव्हा प्रत्येक गेलेला गुण कुठे गेला ते कळते. जो आदल्या दिवशी चुकला आणि सोमवारीही चुकला, तो विषयच कच्चा; पुस्तक उघडावे लागते. जो सोमवारी सुटला, तो घाईत गेलेला. जो रविवारी बरोबर आला पण सोमवारी का बरोबर आला ते सांगता येत नाही, तो सर्वांत फसवा. अण्णांचा नातूही आता सोमवारी सकाळी शाळेआधी तासभर येऊन बसतो. त्याच्या पेपरात हा तिसरा प्रकार इतका निघाला, की पहिल्या दिवशी तो काही न बोलता घरी गेला. दुसऱ्या सोमवारी पुन्हा आला. नाताळच्या आठवड्यात त्याला ४६८ मिळाले.

नातीच्या भौतिकशास्त्रात अजून सहा-सात प्रश्न कोरे राहतात. मागच्या रविवारी तिने जीवशास्त्र बावन्न मिनिटांत संपवले. चार वाजून चाळीस मिनिटांनी मी दाराच्या फटीतून पाहिले, तर ती एका प्रश्नावर थांबली होती. पेन वर, भुवया आवळलेल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागलो. मग कागदाची सळसळ झाली. तिने त्या प्रश्नापुढे फुलीची खूण केली होती आणि पान उलटले होते.